आठवणीची तालीम

सांगलीच्या मार्केट यार्डात, भूपाल आरवाड्यांच्या हळदीच्या पेढीवर पाऊल टाकलं आणि शर्वरी जमदाडेला शिंका सुरू झाल्या. एक नाही, दोन नाही, थांबेचनात. मुलाखतीला आलेल्या मुलीनं नमस्काराच्या आधी शिंकत सुटावं, म्हणजे झालंच की कल्याण! पण आरवाडे हसले. पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाले, "येऊ द्या, येऊ द्या. आमच्याकडं नवीन माणूस शिंकला नाही तर मलाच धास्ती वाटते, हळदीत भेसळ झाली की काय म्हणून."

शर्वरीला जरा हायसं वाटलं. आरवाडे पन्नाशी उलटलेले, अंगानं भारी, बोलायला मोकळे. हळदीच्या धंद्यात तिसरी पिढी. पुण्याच्या ज्या व्यवस्थापन संस्थेत शर्वरीला शिकायचं होतं, तिचे हे माजी विद्यार्थी, आणि तिची मुलाखत तेच घेणार होते.

आता तुम्ही म्हणाल, प्रवेश द्यायचा संस्थेनं आणि मुलाखत घ्यायची हळदीच्या व्यापाऱ्यानं, ही काय भानगड? त्याचं असं झालं. पूर्वी अर्जासोबत मुलं निबंध पाठवायची. 'माझ्या आयुष्यातला कसोटीचा प्रसंग' वगैरे. मग निबंध लिहिणारी यंत्रं आली आणि सगळ्यांचेच निबंध असे काही सुरेख व्हायला लागले की वाचणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी खळेना. एका वर्षी तर म्हणे निम्म्या अर्जदारांच्या आज्ज्या ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी वारल्या होत्या. मग पडद्यावरच्या मुलाखती आल्या. तिथं चष्म्याच्या काचेवर उत्तरं उमटायला लागली. शेवटी संस्थेनं हात टेकले आणि जुनीच रीत काढली. उमेदवारानं आपल्याच भागातल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या समोर, त्याच्या जागेत, त्याचा चहा पीत बसायचं आणि बोलायचं. माजी विद्यार्थ्यानं वर्षाला एकाचीच शिफारस करायची. फक्त एकाची, आणि ज्याची शिफारस त्याला प्रवेश.

पण माजी विद्यार्थी झाला तरी माणूसच. त्यालाही भाचे-पुतणे असतात. म्हणून संस्थेनं त्याच्या हातात 'साक्षी' दिली होती.

आरवाड्यांनी टेबलाच्या खणातून ती काढली. कपाळाला लावायची बोटभर रुंदीची पट्टी. "दुखत नाही बघा," ते म्हणाले. दुखत नव्हतीच. ही पट्टी डोक्यात अगदी मवाळ असा प्रकाश सोडते आणि परत आलेल्या प्रकाशावरून मेंदूच्या कुठल्या भागात रक्त धावतंय ते ओळखते. माणूस स्वतः जगलेला प्रसंग आठवतो तेव्हा त्याच्या मेंदूतली वासाची, नजरेची, स्पर्शाची ठाणी पुन्हा एकदा जागी होतात. फोडणीची आठवण आली की नाकाला फोडणी जाणवते, तसं. ऐकलेलं किंवा पाठ केलेलं सांगताना मात्र ही ठाणी झोपलेली असतात आणि शब्दांचंच ठाणं तेवढं राबत असतं. जगलेलं असेल तर आरवाड्यांच्या समोर ठेवलेल्या, पट्टीशी जोडलेल्या काचेवर हिरवा रंग चढायचा, घोकलेलं असेल तर राखाडी. खरं की खोटं हे पट्टी सांगत नसे. पण लोक मात्र हिरवं म्हणजे खरं असंच धरून चालत.

शर्वरीच्या दृष्टीनं त्या रंगावर सगळं अवलंबून होतं. तिच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. तिला ते चालवायचं होतं. आबांनी अट घातली होती. "त्या पुण्याच्या संस्थेत तुला घेतलं तर कोल्ड स्टोरेज तुझं. नाही घेतलं तर तुझा चुलतभाऊ बघंल आणि तू गप स्थळं बघायला लागायचं. परत तोंड वर करून विचारायचं नाही." आबांचा शब्द म्हणजे शब्द.

चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग आरवाडे पुढं सरकून बसले. "एकच मोठा प्रश्न विचारतो. आपल्याच माणसाविरुद्ध उभं राहायची वेळ तुमच्यावर कधी आली?"

शर्वरीच्या मनात लाडू फुटले. हाच प्रश्न येणार हे तिला माहीत होतं, आणि याच्यासाठीच तर तिनं जीव तोडून तयारी केली होती. ती सांगायला लागली. चार वर्षांपूर्वीची दुपार. कोल्ड स्टोरेजमध्ये गारव्यासाठी खेळवलेल्या अमोनिया वायूची नळी फुटली. तिनं ओला टॉवेल तोंडाला बांधला, आत शिरून हमालांना बाहेर काढलं. नंतर पाहिलं तर एका खोलीतला हिरवागार बेदाणा काळपट पडलेला, त्याला उग्र वास लागलेला. आबा म्हणाले, "वास उडून जाईल, पेट्या बंदच ठेवा." ती म्हणाली, "नाही. ज्यांचा माल आहे त्यांना बोलवा, त्यांच्यासमोर पेट्या उघडा." त्यावरून आबांनी कितीतरी महिने तिच्याशी बोलणं टाकलं. पण पेट्या उघडल्या गेल्या. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं तिला ठाऊक होतं. शेवटी एक श्वास घेऊन ती म्हणाली, "त्या दिवशी मला कळलं सर, की साठवायच्या मालात सगळ्यात नाशवंत माल म्हणजे विश्वास."

ते वाक्य आरवाड्यांनी तिच्याबरोबरच म्हटलं. ओठातल्या ओठात.

आरवाड्यांचा हसरा चेहरा कुठं गेला कोण जाणे. त्यांनी काच तिच्याकडं वळवली. वरपासून खालपर्यंत राखाडी.

"ही गोष्ट मी सोमवारी ऐकली," ते म्हणाले. "ह्याच खुर्चीत. कोल्ड स्टोरेज तेवढं काकांचं होतं. बाकी अक्षर न् अक्षर हेच. आणि त्या उमेदवाराची काच हिरवीगार होती."

शर्वरी खुर्चीतून उठलीच. "सर, ही माझी गोष्ट आहे! मी होते तिथं!"

"पट्टी तसं म्हणत नाही."

"नाव काय त्यांचं?"

"ते मला सांगता येत नाही."

ती टेबलावर पुढं वाकली. "नाव नका सांगू. टॉवेल कुठल्या रंगाचा होता, ते सांगितलं का त्यांनी?"

आरवाडे घुटमळले. मग म्हणाले, "तांबडा. काठाला पांढरी रेघ."

झालं. नाव सांगायची गरजच उरली नाही. तो टॉवेल निनादचा होता.

निनाद उगारे. कॉलेजात दोघं एकांकिका करायची. त्याच्याइतकं जवळचं तिला दुसरं कुणी नव्हतं, आणि पुढं काय करायचं हे दोघांत ठरल्यासारखंच होतं, फक्त घरात बोलायचं राहिलं होतं. "मी नाही बाबा अर्ज करत. तू शीक, मी नोकरी करतो, घरात एक तरी शहाणा हवा," असं तो म्हणायचा, आणि ही वेडी हसायची.

मुलाखतीची तयारी त्यानंच करून घेतली होती. एकांकिकेच्या तालमीत त्यांच्या चमूची एक पद्धत होती, अदलाबदल. नायकानं खलनायकाची वाक्यं म्हणायची, खलनायकानं नायकाची. म्हणजे ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर दुसरा उभा राहतो, आणि आपली भूमिका बाहेरून कशी दिसते तेही कळतं. निनाद म्हणाला, मुलाखतीचीही अदलाबदल करू. मग शर्वरी व्हायची आरवाडे आणि निनाद व्हायचा शर्वरी. पहिल्या दिवशी त्याचं बोलणं ऐकून ती म्हणाली, "छे! तुला वासच येत नाहीय रे. नुसतं बोलतोयस." आणि त्याला वास यावा म्हणून ती स्वतः त्याला तासगावला घेऊन गेली. कोल्ड स्टोरेजच्या यंत्रांच्या खोलीत, जिथं अमोनियाचा वास कायम थोडा भरून असतो, तिथं त्याला उभं केलं. त्यानं आपला तांबडा टॉवेल भिजवून तोंडाला बांधला, डोळे मिटले. ती त्याच्या कानाशी सांगत राहिली, आता थंडी, आता धूर, आता आबा. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं तेव्हा हिनं टाळ्या पिटल्या होत्या.

स्वतःच्या हातानं दिली होती तिनं ती आठवण. आणि त्यानं केसानं गळा कापला.

दुसऱ्या दिवशी कृष्णेच्या घाटावर, भेळेच्या गाड्याशेजारी तिनं त्याला गाठलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.

"मी घाबरलो गं," तो म्हणाला. "अर्ज केला होता, तुला सांगणारच होतो. बाबा मागं लागले होते. मग आरवाड्यांनी तो प्रश्न विचारला आणि माझ्या डोक्यात काहीच येईना. माझ्या आयुष्यात आलीय कधी अशी वेळ? मी कधी कुणाविरुद्ध उभा राहिलोच नाही."

"म्हणून माझी गोष्ट ढापलीस?"

"ढापली नाही. ती आपोआप आली." त्यानं हातातली भेळ तशीच खाली ठेवली. "शरू, तू विश्वास ठेव नको ठेव. सांगायला लागलो आणि मला दिसायला लागलं. डोळे चुरचुरले माझे. आबांनी पाठ फिरवली तेव्हा इथं," त्यानं छातीवर हात ठेवला, "इथं दुखलं मला."

"तुझ्याकडं कशाला पाठ फिरवतील ते? तू नव्हतास तिथं!"

"माहितेय मला," तो म्हणाला. पण म्हणताना तो क्षणभर थांबला, आणि तो क्षण शर्वरीला त्या सगळ्या चोरीपेक्षा भयंकर वाटला.

"मग जा आणि सांग आरवाड्यांना."

तो नदीकडं बघत राहिला. "माझी शिफारस करतायत ते. बाबांना सांगूनही झालंय." मग हळूच म्हणाला, "तू पुढच्या वर्षी मुलाखत दे ना. तुला काय, तू हुशार आहेस."

शर्वरीनं त्याच्या थोबाडीत दिली नाही, याचं तिला पुढं कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

तिनं आरवाड्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. अदलाबदल, यंत्रांची खोली, टॉवेल. आरवाड्यांनी सगळं टिपून घेतलं. मग त्यांनी संस्थेतल्या जाणकारांशी बोलून घेतलं आणि तिला उलट फोन केला. त्यांनी सांगितलं ते ऐकून शर्वरीला रडावं की हसावं कळेना.

आठवण ही काही पेटीत बंद करून ठेवलेला फोटो नसते. ती कपाटातल्या साडीसारखी असते. दर वेळी बाहेर काढली की घडी मोडते, आणि परत ठेवताना थोडी वेगळी घडी पडते. एखादी साडी रोज काढून, झटकून, इस्त्री करून ठेवली तर तिचा मूळचा वासही जातो. शर्वरीनं ती दुपार इतक्या वेळा घासूनपुसून सांगितली होती की दुपार गेली आणि नुसते संवाद उरले. आणि निनादनं डोळे मिटून, नाकात खराखुरा अमोनिया भरून घेऊन, 'मी, मी' म्हणत ती जगली. मेंदूला काय, त्यानं ती त्याच्या नावावर ठेवून घेतली. ती आपण कुठून आणली हे तर माणूस सगळ्यात आधी विसरतो.

"म्हणजे यंत्र चुकलं?" शर्वरीनं विचारलं.

"यंत्र बरोबर आहे. आम्हीच त्याला नको तो प्रश्न विचारत होतो," आरवाडे म्हणाले. "पण नियमात एक वाट आहे. त्या प्रसंगी तिथं हजर असलेला साक्षीदार आणा. त्याला पट्टी लावून विचारू. तुमचे वडील येतील?"

शर्वरी सरळ आबांकडं गेली. या गोष्टीवर त्या दोघांत गेल्या चार वर्षांत एक शब्द झाला नव्हता. आबा बोलायला लागले होते ते एक दिवस अचानक, 'चटणी वाढ' म्हणून, आणि तिथंच तो विषय पुरला गेला होता. तिनं विचारलं. आबा म्हणाले, "येतो की! माझ्या पोरीचा हक्क कोण मारतोय ते बघतोच." तिला वाटलं, उगाच आपण इतकी वर्षं मनात अढी धरली. त्या दिवशी तिला फार बरं वाटलं.

ठरल्या दिवशी आबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पेढीच्या जिन्यावर त्यांनी खिशातून खडीसाखरेची पुडी काढून तिच्या हातात दिली. "खा. घसा कोरडा पडंल." वर गेले, पायरीशी चपला काढल्या, आरवाड्यांना रामराम केला आणि सवयीनं एकदाही शिंकले नाहीत. त्यांनी कपाळावर पट्टी लावून घेतली.

"शामराव, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा," आरवाडे आबांना म्हणाले.

"काय व्हायचंय? नळी फुटली. ही होती की तिथंच. तोंडाला फडकं बांधून हमाल बाहेर काढले हिनं, वाघीणच ती! त्यात काय खोटं नाही." काच हिरवी. शर्वरीचे डोळे भरून आले. "मग बघतोय तर माल काळा पडलेला. ही रडायला लागली. म्हणाली, आबा, पेट्या बंद ठेवू, वास उडून जाईल, नाव जाईल आपलं. मी म्हटलं, नाव गेलं तर जाऊ दे पोरी. ज्याचा माल त्याला दिसला पायजे. उघडा म्हटलं पेट्या! साऱ्या तालुक्यासमोर उघडल्या."

आरवाड्यांनी काचेकडं पाहिलं. शर्वरीनंही पाहिलं. हिरवीगार. हळदीच्या कोवळ्या पानासारखी.

आबा खोटं बोलत नव्हते. शर्वरीला एकदम सगळं दिसलं. बेदाण्याच्या प्रत्येक सौद्याला, प्रत्येक चहाच्या टपरीवर लोक त्यांना म्हणायचे, "शामराव, पेट्या उघडायला काळीज लागतं." पहिल्या वेळी आबा नुसते गप्प राहिले असतील. मग हसले असतील. मग एकदा म्हणाले असतील, "करावं लागतं." चार वर्षं ते ही गोष्ट सांगत होते, आणि दर वेळी घडी थोडी बदलत होती. शेवटी तिचे शब्द त्यांच्या तोंडात आले आणि त्यांचे तिच्या.

निनादनं निदान आठवणच चोरली होती. आबांनी ती घेऊन त्या बदल्यात आपला भित्रेपणा तिच्या पदरात टाकला होता, आणि वर तिला खडीसाखर आणली होती.

"शर्वरी," आरवाडे हळूच म्हणाले, "तुम्हाला काही बोलायचंय?"

आबा पट्टी काढून कौतुकानं तिच्याकडं बघत होते. झालं ना तुझं काम, असं त्यांचे डोळे विचारत होते. ती गप्प बसली असती तर निदान घरात शांतता राहिली असती. बोलली तर जागा, कोल्ड स्टोरेज, बाप, काय काय जाईल याचा नेम नव्हता.

तिनं पट्टी उचलून स्वतःच्या कपाळाला लावली. "सर, तो प्रश्न मला परत विचारा."

आरवाडे क्षणभर घोटाळले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "आपल्याच माणसाविरुद्ध उभं राहायची वेळ तुमच्यावर कधी आली?"

"आत्ता," शर्वरी म्हणाली. या वाक्यांची तालीम झाली नव्हती. "आबा, तुम्ही माझ्यासाठी आलात. इस्त्रीचा शर्ट घातलात. पण झालं ते असं नाही झालं. वास उडून जाईल, असं तुम्ही म्हणालात. मी नाही."

"काय बोलतीस?" आबा म्हणाले. "शुद्धीवर आहेस का? परक्यासमोर?"

"पेट्या उघडा असं मी म्हटलं. आणि तुम्ही..."

आबा उठले. चेहरा दगडासारखा झाला होता. ते वळले आणि दाराकडं निघाले. त्यांची ती पाठ, मानेवरचा तो करडा राठ केसांचा पट्टा, उजवा खांदा किंचित खाली, हे शर्वरीनं पाहिलं. हीच पाठ. चार वर्षांपूर्वी, पत्र्याच्या शेडखाली, हीच पाठ अशीच लांब गेली होती. तिच्या नाकात एक वास घुसला. अमोनियाचा नव्हे. ताग, चिखल, पिंपातलं शिळं पाणी.

"टॉवेल नव्हताच तो," ती म्हणाली, कुणाला म्हणाली तिलाच कळलं नाही. "गोणपाट होतं. दारातल्या पिंपात भिजत टाकलेलं असायचं ते. टॉवेल निनादचा होता, तालमीतला. मी विसरूनच गेले होते... ते गोणपाट माझ्या तोंडाला टोचत होतं. आबा, तुम्हीच दिलंत ते मला. तुम्हीच पिळलंत. तुमचे हात थरथरत होते, आणि तुम्ही म्हणालात, मला आत जायला भ्या वाटतंय, शरू, तू जा."

आबा उंबऱ्यात थबकले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पण त्यांचा उजवा हात आपोआप वर आला, बोटं मिटली, आणि ओलं फडकं पिळावं तशी ती मूठ एकदाच वळली. आरवाड्यांनी ते पाहिलं. शर्वरीनंही पाहिलं. आबांना आठवलं होतं. अगदी लख्ख आठवलं होतं.

मग त्यांनी पायरीवरच्या चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेले. खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

आरवाड्यांनी काच तिच्याकडं वळवायची तसदी घेतली नाही. ते म्हणाले, "किती वर्षं झाली, मी मुलाखती घेतोय आणि बघतोय काचेकडं. माणसाचे हात बघायचं विसरलोच होतो." थोड्या वेळानं त्यांनी तिला चहा दिला. तिनं तो तसाच ठेवला. "शिफारस तुमचीच जाईल. आत्ताच पाठवतो, आणि शामरावांनाही फोनवर कळवतो." शर्वरीनं मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही.

ती एसटीनं तासगावला निघाली. वाटेत निनादचा निरोप आला. आरवाड्यांनी त्याला निर्णय कळवला असणार. तिनं उघडून वाचला. "माझी गोष्ट सांगून माझी जागा घेतलीस. त्या दिवशी आत मी शिरलो होतो, डोळे माझे जळले होते. तुला सगळं माहीत असून तू असं वागलीस. मी आयुष्यात कुणावर एवढा विश्वास टाकला नव्हता."

तिनं तो पुन्हा वाचला. घाटावरचा तो क्षणभराचा थांबाही आता त्यात उरला नव्हता. तो खोटेपणा करत नव्हता, हेच तर दुखणं होतं. शिव्या द्यायला, जाब विचारायला, चोर म्हणायला समोर चोर तर पाहिजे! तिथं नुसताच एक दुखावलेला मुलगा बसला होता. तिनं फोन बंद केला आणि खिडकीकडं तोंड करून रडून घेतलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "सासरी चाललीस व्हय गं?" ती नाही म्हणाली.

घरी पोचली तेव्हा आबा सोप्यात खुर्ची टाकून बसले होते. समोर शेजारचे तुकारामकाका. आबांचा आवाज गल्लीतूनच ऐकू येत होता. "... आरवाड्याला स्पष्टच सांगितलं, पोरगी माझी आहे, वाघीण आहे. झाली तिची निवड. आता कोल्ड स्टोरेज तिच्याकडं. मी शब्द दिला म्हणजे दिला. पेट्या उघडल्या तवाच मी ठरवलं होतं, हिला आपल्यासारखं तयार करायचं." एवढ्यात शर्वरी फाटकातून आत आली. आबांचा आवाज अडखळला. दोघांची नजरानजर झाली. त्या नजरेत आबांना सगळं माहीत होतं. गोणपाट, थरथरते हात, सगळं. त्यांनी नजर काढून घेतली, घसा खाकरला आणि पुढं म्हणाले, "मी म्हटलं, नाव गेलं तर जाऊ दे. ज्याचा माल त्याला दिसला पायजे."

पेढीवर ते खोटं बोलत नव्हते. आता बोलत होते. आणखी थोड्या दिवसांनी परत खरं बोलायला लागतील, हे शर्वरीला कळून चुकलं.

"ग्रेट माणूस तुझा बा," तुकारामकाका तिच्याकडं वळून म्हणाले. "असंच झालं न्हवं गं? तू तर तिथंच हुतीस."

आबा खाली बघत होते. खुर्चीच्या हातावरची त्यांची मूठ घट्ट मिटली होती. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "होय गं, काय काय झालं सांगलीत? सांग तरी सगळं. हे तर धड काय सांगत नाहीत."

शर्वरीच्या जिभेवर ते सगळं आलं होतं. ताग, चिखल, पिंपाचं पाणी, आबांची पाठ. चार वर्षांनी तिला तिची दुपार परत मिळाली होती, न झिजलेली, टोचणारी. एकदा सांगितली की घडी मोडणार. दुसऱ्यांदा सांगितली की कुठं थांबायचं ते कळायला लागणार. आणि समोर ऐकणाऱ्यांच्या डोक्यात तिचं काय होईल, ते तर देवच जाणे.

"ती गोष्ट मी आता सांगत नाही, काका," ती म्हणाली.

मुठीत चुरगळलेली खडीसाखरेची पुडी तिनं आबांच्या शेजारी कट्ट्यावर ठेवली, आणि पाय धुवायला मोरीकडं गेली.